'ठाण्याचं हॉस्पिटल बंद करा' म्हणता, मग भावाला ठेवू कुठे?

नायगावची ताई:
काल मुलुंडवासी यांनी इथे लेख लिहिला की इटलीने १९७८ साली कायदा करून मनोरुग्णालयांना टाळं लावलं आणि आपण १९०१ पासूनचं ठाण्याचं मनोरुग्णालय अजून चालवतोय, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला समाजात राहण्याचा हक्क दिलाय, तेव्हा त्याला घरी आणा, असं त्यांचं म्हणणं. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रात्रभर झोप नाही, म्हणून लिहितेय.

घरी म्हणजे कुठे? आमचं घर म्हणजे बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. आईवडील, मी, दोघे भाऊ. धाकट्याला कॉलेजात असताना स्किझोफ्रेनिया झाला. शेजारचे आपल्याविरुद्ध कट करतात म्हणून रात्रभर भिंतीला कान लावून बसायचा आणि पहाटे त्यांचं दार बडवायचा. चाळीतली माणसं वाईट नव्हती, पण त्यांनाही सातची पाळी गाठायची असायची. शेवटी चाळकमिटीने वडिलांना बोलावून घेतलं. १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा संमत झाला होता, पण तो लागू झाला १९९३ ला. तोवर १९१२ चा इंग्रजांचा कायदाच चालला. पोलीस, मॅजिस्ट्रेट, ऑर्डर. ज्याने कुणाचा पैसा चोरला नाही त्याला पोलिसांच्या गाडीत बसवून ठाण्याला नेलं, आणि अख्खी चाळ गॅलरीत उभी.

त्या जागेवर माझं प्रेम नाही. पण ती नसती तर आई त्याच्याआधी गेली असती. आज तो माझ्याकडे आहे, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या गोळीवर. ती गोळी सुरू केली की पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. माझी अर्ध्या दिवसाची रजा त्यातच जायची, आणि रिपोर्ट आला की गोळी 'बाहेरून घ्या' म्हणून चिठ्ठी. बंद करायला माझी ना नाही. आधी हाफवे होम, म्हणजे हॉस्पिटल आणि घर यांच्यामधली राहायची सोय, उघडा, महापालिकेच्या वॉर्डावॉर्डात दिवसा सांभाळणारं डे केअर उघडा, मग लावा कुलूप.

मुलुंडवासी:
ताई, तुम्ही सोसलंत त्याबद्दल आदर आहे. पण माझ्या लेखाचा अर्धाच भाग तुम्ही उचललात. ठाण्याला १,८५० खाटा मंजूर आहेत. येरवडा, नागपूर, रत्नागिरी धरून राज्यात अशी चार. कायद्याचं कलम १९ वाचा: घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला आत ठेवता येत नाही. तरी बरी झालेली माणसं वर्षानुवर्षं आत आहेत. २०१९ साली त्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवल्यावरून सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला खडसावलं. मोठी भिंत उभी आहे तोवर सरकार दुसरं काही बांधणार नाही, हे माझं म्हणणं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

मी काही काळ एका मनोरुग्णालयात स्वयंसेवक होतो. एक आजोबा भेटीच्या दिवशी आंघोळ करून, कपड्यांची पिशवी भरून दाराशी बसायचे. घरच्यांनी भरतीच्या वेळी पत्ताच खोटा लिहिला होता.

नायगावची ताई:
घरचे खोटा पत्ता देतात, हे वाक्य सगळ्यांना आवडतं. पत्ता खरा देणाऱ्यांबद्दल कुणी लिहीत नाही. दर महिन्याला ठाण्याला डबा घेऊन जाणाऱ्या बायका तुम्ही कधी पाहिल्या का? मी त्यातलीच. आणि इटलीचं अर्धवट सांगू नका. तिथेही एका दिवसात कुलूप लागलं नाही. नवीन भरती थांबवली, जनरल हॉस्पिटलांत जास्तीत जास्त १५ खाटांचे वॉर्ड काढले, आणि शेवटची इस्पितळं बंद व्हायला वीसेक वर्षं लागली. अमेरिकेत केनेडींनी १९६३ ला वस्तीजवळ उपचार केंद्रं काढण्याचा कायदा केला, ठरलेली केंद्रं पुरती उभी राहिली नाहीत आणि माणसं रस्त्यावर आणि तुरुंगात गेली. आपलं कशासारखं होईल, तुम्हीच सांगा.

सिस्टर (निवृत्त):
दोघांचं वाचलं. माझी सगळी नोकरी सरकारी मनोरुग्णालयाच्या वॉर्डात गेली. जुन्या काळाला सरसकट शिव्या घालू नका. एका पाळीला आम्ही दोघी आणि पेशंट शंभराच्या वर. खाणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई विजेचा शॉक दिल्यावर चार दिवसांत ताट मागायची, हे या डोळ्यांनी पाहिलंय. आता कायद्याने बिनभुलीच्या शॉकवर बंदी घातली. पण भूलतज्ज्ञ मिळत नाही तिथे पेशंटला काय फक्त सलाईनवर ठेवायचं?

काळाचौकी:
सिस्टर, हे वाचून हात थरथरताहेत. माझ्या आईला बिनभुलीचा शॉक दिला होता. चौघांनी हातपाय धरले, तोंडात रबराचा तुकडा. पाठीचा मणका दबला तो कायमचा. पुढे पांढरा कोट दिसला की ती मोरीत जाऊन लपायची, साधा ताप आला तरी डॉक्टरकडे जायला तयार नसायची. ती ताट मागायला लागली का, हे कुणी तिला विचारलं नाही. कलम ९५ ने बंदी आली ती आमच्यासारख्यांच्या हाडांवर आली.

पार्लेकर:
बिनभुलीचा नको हे मान्य, पण शॉकलाच राक्षस करू नका. बाळंतपणानंतर माझी बायको बाळाला हात लावेना, पाणीही घेईना. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ नव्हता. भूल देऊन, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देऊन शॉक दिले. मी बाहेर बाकावर होतो, आतून आवाजसुद्धा आला नाही. आज मुलगी दहावीला आहे. ज्यांनी सिनेमात पाहिलंय त्यांनी मला शिकवू नये.

काळाचौकी:
सिनेमात? मी माझ्या आईबद्दल लिहिलंय! नीट वाचत जा.

पार्लेकर:
तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण असं वाचून घाबरून उद्या कुणी नवरा सही करणार नाही आणि बाई जाईल. त्याची जबाबदारी कोण घेणार?

ओपीडीतला निवासी डॉक्टर:
भांडू नका, दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. शॉक १९३८ साली रोममध्ये सुरू झाला, तेव्हा भूल न देताच. स्नायू सैल करणारं औषध नंतर आलं, आणि मणके-हाडं मोडणं त्यानेच थांबलं. आपल्याकडे ते सगळीकडे पोचायला फार उशीर झाला, हा काळाचौकी यांचा राग रास्त आहे. सिस्टर, भूलतज्ज्ञ नाही म्हणून बिनभुलीचा द्या, हे मी कधीच मानणार नाही. भूलतज्ज्ञाची जागा भरा, म्हणून मागणी करायची.

आणि मूळ मुद्द्यावर: मुंबईत मोठ्या भिंतीबाहेरचा रस्ता कधीपासून आहे. जेजे हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी १९३८ मध्येच सुरू झाली. केईएम, नायर, सायनला आज विभाग आहेत. ओपीडीत एका पेशंटला काही मिनिटंच मिळतात, त्यात मी झोप, भूक, गोळ्या विचारणार की घरात काय चाललंय ते? खाटा ठाण्यातून काढून इथे आणल्या नाहीत तर बंद करणं म्हणजे पेशंट सोडून देणं.

सिस्टर (निवृत्त):
डॉक्टर, जागा भरा म्हणून आम्ही अर्ज लिहून लिहून रिटायर झालो. बाकी, काळाचौकी यांच्या आईसारख्या बायका मीही धरल्या आहेत. त्यावर जास्त लिहीत नाही.

काळाचौकी:
एवढं तरी म्हणालात. आईला कुणी म्हटलं नाही.

मुलुंडवासी:
धागा शॉकवर गेला, असो. डॉक्टरांचं खाटा हलवण्याचं म्हणणं मला पटतं, ताईंचं पूर्ण पटत नाही. 'आधी उभारा, मग बंद करा' हे सरकारलाही हवंच असतं, कारण मग 'आधी' कधीच येत नाही. १९८२ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ ला जिल्हा कार्यक्रम, २०२२ ला फोनवरून मदत देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ नंबर. दर वेळी 'आधी हे करू'. तारीख ठरवल्याशिवाय काही होत नाही. नवीन भरती अमुक वर्षी थांबेल, असं जाहीर करा, म्हणजे बाहेरची सोय करावीच लागेल. तुमच्या भावासाठी मी हाफवे होम आधी मागायला तयार आहे, पण तारखेसकट.

नायगावची ताई:
तारीख घाला. पण त्या तारखेला हाफवे होम उघडलं नाही तर भरती थांबणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. तेवढं लिहिणार असाल तर मी सही करते. माझं वय झालंय, भाऊ माझ्यापेक्षा लहान आहे. माझ्यानंतर तो कुठे जाणार, याचं उत्तर कायद्याच्या कलमात नाही, वॉर्डातल्या एखाद्या पत्त्यात हवं.