'कायदेभंग' कुठे वापरावा?

प्रश्न : प्रतापनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फलकावर 'गेटसमोर गाडी लावून कायदेभंग करणाऱ्यांवर कारवाई होईल' असं लिहिलंय. वाचताना खटकतं, पण का ते सांगता येत नाही. आणि 'कायदाभंग' हवं की 'कायदेभंग'?

उत्तर : रूपाचं आधी उरकून टाकू. कायदेमंडळ, कायदेपंडित, तसंच कायदेभंग. 'कायदाभंग' लिहिणारे आहेत, पण रुळलेलं रूप 'कायदेभंग'च.

खटकतं ते अर्थामुळे. गेटसमोर गाडी लावणारा कायदेभंग करत नाही, त्याला एवढा मान कशाला द्यायचा? हा शब्द मराठीत घट्ट बसला तो 1930 साली. दांडीला मीठ उचललं गेलं, पण विदर्भाला समुद्र कुठला? मग इकडे जंगलचा कायदा निवडला. 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. तेच गवत कुणी रात्री गुपचूप कापून नेलं असतं तर ती चोरी. दिवसाढवळ्या, आधी सांगून, अटक होणार हे ठाऊक असताना कापलं म्हणून तो कायदेभंग. त्याआधी 1923 मध्ये आपल्या नागपुरातच झेंडा सत्याग्रह झाला होता. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी, आणि लोक तुकड्या-तुकड्यांनी त्याच बाजूला निघायचे. जमनालाल बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. बंदी मोडायची होती ती उघडपणे. पोलिस दिसले की गल्लीत सटकणाऱ्याच्या वागण्याला हा शब्द लावणं जड जातं.

तुमच्या फलकाला 'नियम मोडणाऱ्यांवर' पुरेसं आहे. बोलताना तर आपण 'मोडला'ही म्हणत नाही. पुण्याचा माणूस सिग्नल मोडतो, नागपूरचा तोडतो, आणि मग चालान भरतो. हिंदीच्या शेजाराचा हा परिणाम असेल. मला त्यात वावगं वाटत नाही.

डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनात मात्र या शब्दांची खरी गंमत दिसते. टेकडी रोडवर मोर्चा अडवला, काहींनी कठडे ओलांडले, की दुसऱ्या दिवशी पेपरात 'जमावबंदी आदेशाचे उल्लंघन'. इथे मोडला तो आदेश. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 कलमाखाली निघायचा, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली निघतो, आणि तो न मानल्याचा गुन्हा जुन्या दंड संहितेच्या 188 ऐवजी न्याय संहितेच्या 223 खाली लागतो. त्याच दिवशी आत विधानभवनात कुणीतरी 'हक्कभंग' आणलेला असतो. म्हणजे भंग दुसऱ्याने केला आणि आणला मात्र आमदाराने! कारण तिथे 'हक्कभंग' हा हक्कभंगाच्या प्रस्तावाचाच संक्षेप झालाय.

'भंग'ला मोडतोडीची छटा आहे: वचनभंग, शांतताभंग, विनयभंग. 'उल्लंघन' म्हणजे मुळात ओलांडणं, म्हणून दसऱ्याचं सीमोल्लंघन आपण हौसेने करतो. एक विचित्र योग पाहा, 'विनयभंग' आणि 'सविनय कायदेभंग' दोन्हींत तेच दोन शब्द आहेत. पहिल्यातला विनय म्हणजे स्त्रीची लाज, दुसऱ्यातला नम्रपणा. पहिल्याचा आरोपी तोंड लपवतो.

शंका : आमचे सर 'बेकायदेशीर' कापून 'बेकायदा' करायचे. 'बे' लावल्यावर 'शीर' कशाला, असं त्यांचं म्हणणं.

उत्तर : सरांचा तर्क कळतो. 'बेकायदा'ने काम भागतंच. पण 'बे' हा 'कायदेशीर' या तयार विशेषणालाही लागू शकतो, तेव्हा 'बेकायदेशीर'ला चूक म्हणवत नाही. बांधकाम बहुधा 'बेकायदा' असतं, जमाव मात्र 'बेकायदेशीर', ही निव्वळ सवय. (नागपुरात हा उपसर्ग जपून वापरावा म्हणा, आपल्याकडे 'बे' वाक्याच्या शेवटी येतो, 'काय करून राहिला बे?')

'अवैध'चं थोडं वेगळं आहे. कन्हानच्या पात्रातून होणारा तो 'अवैध रेती उपसा', आणि अवैध ठरलेली मतपत्रिकाही अवैधच. पण मतपत्रिकेने कुठलाच कायदा मोडलेला नसतो, ती फक्त मोजली जात नाही. तिला 'बेकायदा' म्हणून पाहा, लगेच कळेल.