मदत हवी आहे: टॅटिंगची गाठ पलटत नाही

नमस्कार मैत्रिणींनो. परभणीत आम्ही आठ-दहा जणी दर शनिवारी दुपारी एकीच्या ओसरीवर विणायला बसतो. क्रोशाचे रुमाल, लोकरीची टोपडी, बाळंतविड्याचे मोजे, सगळं चालू असतं. चहा दोनदा होतो.

गेल्या शनिवारी एका काकूंनी त्यांच्या आईच्या रुमालाची लेस आणली. शटलवरचं टॅटिंग, म्हणजे होडीच्या आकाराच्या छोट्या फिरकीवर (शटल) दोरा गुंडाळून गाठीगाठींनी केलेली लेस! नखाएवढी वर्तुळं, प्रत्येकाला पाच नाजूक पिको, म्हणजे कडेचे दोऱ्याचे इवलेसे फासे. काकू म्हणाल्या, "आईबरोबरच ही कला घरातून गेली." तेव्हापासून मला चैन नाही.

शटल मागवलं, ४० नंबरचा दोरा घेतला. पण गाठ शटलच्याच दोऱ्याची बसते. ती पलटून डाव्या हातावरच्या दोऱ्याची व्हायला हवी. मग आतला दोरा सरकत नाही आणि वर्तुळ मिटत नाही. तोडून तोडून अर्धा गुंडा संपला. डाव्या हाताची बोटं नेमकी कधी सैल सोडायची? सरावाला १० नंबरचे जाड, दोन रंगांचे दोरे जोडून घेऊ का?

परभणी, नांदेड, जालन्याकडं टॅटिंग येणाऱ्या कुणी ताई, आजी असतील तर एक शनिवार या ना. काकूंच्या रुमालाची एक कड उसवलीय, ती त्यांना पुरी करून द्यायची आहे.