माती देताना आपण नेमकं काय सांगतो? देह उठणार की फक्त आत्मा जाणार?

नवापूरकर

सगळ्यांना सलाम. मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या एका आजींना माती दिली. पाळकसाहेब पेटीजवळ उभे राहून म्हणाले, "रडू नका, हे तर जुनं कापड आहे. आत्मा केव्हाच प्रभूकडे गेला." सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

त्या आजी उमेदीची वर्षं ऊसतोडीला गुजरातेत जात होत्या. कोयता धरून धरून बोटं वाकलेली, तळहाताला घट्टे. त्याच हातांनी त्यांनी सात जणांना वाढवलं. त्या हातांना जुनं कापड म्हणायचं?

विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण 'देहाचं पुनरुत्थान' म्हणतो. आत्मा सुटला असं तिथे कुठेच नाही. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडला. मरण म्हणजे नुसतं कपडे बदलणं असतं, तर तो कशाला रडला असता? पुन्हा उठल्यावर त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक 24). भूत मासा खात नाही. अथेन्सचे लोक प्रेषित पौलाचं बोलणं ऐकत होते, पण मेलेले उठतील हे शब्द आल्याबरोबर काहींनी त्याची थट्टा केली (प्रेषितांची कृत्ये 17). आत्मा अमर आहे एवढंच तो बोलला असता, तर त्या गावात फारसं कुणाला हसू आलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. कापड बदलण्याची उपमा गीतेतली आहे. गीतेचा मला आदर आहे, पण आपली आशा वेगळी आहे आणि कबरेपाशी तरी ती स्पष्ट सांगावी.

धडगावची बहीण

भाऊ, मी नर्स आहे, मरणं रोज बघते. पण हे घरातलं सांगते.

माझा धाकटा भाऊ सिकलसेलने गेला, बाविसाव्या वर्षी. आपल्या भागात हा आजार किती घरांत आहे ते तुम्हाला माहीत आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं आतून ठणकतात. कळ आली की तो उशी दातात धरायचा. एकदा ईस्टरची उपासना करून घरी आलो तेव्हा मला म्हणाला, "ताई, हेच अंग परत मिळणार असेल तर मला नको."

त्याला मी काय सांगायला हवं होतं?

तो गेला त्या रात्री पाळकांनी आईला वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट सांगितली. येशू त्याला म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. शेवटल्या दिवशी नाही, आज. त्या 'आज'वर माझी आई उठून भाकरी थापायला लागली. पौलही म्हणतो की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं अधिक चांगलं (फिलिप्पै 1:23). तुमच्या शुद्ध शिकवणीसाठी तिच्या हातातलं हे काढून घेऊ नका.

भुसावळकर

मी कॅथलिक, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. तुम्ही दोघं एकाच वाटेवरचे दोन मुक्काम धरून भांडताय. मरणाबरोबर आत्म्याचा न्याय होतो, आणि शेवटल्या दिवशी देह उठून आत्म्याला मिळतो. आमच्याकडे दोन्ही शिकवतात. मधल्या काळासाठी शुद्धिस्थान आहे, तिथे आत्मा शुद्ध होतो. म्हणून 2 नोव्हेंबरला आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावतो, मृतांसाठी मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करतो. प्रोटेस्टंट बंधूंना हे पटणार नाही हे मला ठाऊक आहे.

धुळेकर शेतकरी

मी ख्रिस्ती नाही, कुठलाच देव मानत नाही. आमच्या गावच्या ख्रिस्ती मित्राच्या बापाच्या मातीला गेलो होतो. तिथे बायबलमधून वाचून दाखवलं की माणूस बी सारखा पेरला जातो आणि उठतो. ऐकायला छान आहे, पण मी कपाशी लावतो. बी जमिनीत मरत नाही. त्यात जीव असतो म्हणून कोंब येतो. मेलेलं बी कुजतं आणि दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसतो. म्हणजे उपमाच तुमच्या विरुद्ध जाते. आत जिवंत काहीतरी उरतं असं मानावं लागेल, आणि तोच तर तुमच्या पाळकांचा आत्मा.

दुसरं, कबरेवर आंबा उगवला, आंबा मी खाल्ला. आता ते कण कुणाचे? आणि ज्यांना जाळलं त्यांचं काय?

भुसावळकर

कणांचा प्रश्न फार जुना आहे. भुकेल्या माणसाने माणसाचं मांस खाल्लं तर ते मांस कुणाचं, यावर संत ऑगस्टीन पाचव्या शतकात लिहून गेले आहेत.

जाळण्याबद्दल सांगतो. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियोन शहरात ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं. मारणाऱ्यांनी प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, कारण मग यांना पुन्हा उठायची आशाच राहणार नाही, असं त्यांना वाटलं. ख्रिस्ती मंडळी त्यामुळे डगमगली नाही. माती सांभाळली तरच देव उठवू शकतो, असं कुणी मानतच नव्हतं. तरीही कॅथलिक चर्चने दफनाचा आग्रह धरला, 1886 मध्ये दहनाला बंदी केली. 1963 मध्ये ती उठली, अट एवढीच की पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन करू नये. 2016 च्या सूचनेत राख विखुरू नये, घरातही ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी असं आहे. मला ही सूचना पटते. राख झाली तरी ते आपलंच माणूस असतं.

अमळनेरकर

मी वारकरी घरातला, निवृत्त शिक्षक. नवापूरकर दादा, गीतेवर टाकलेला भार मला बरोबर वाटत नाही. गीतेतला आत्मा पुन्हा पुन्हा नवा देह घेतो. तुमच्या पाळकांचा आत्मा एकदाच प्रभूकडे जातो, परत येत नाही. सारखेपणा फक्त कापडाच्या शब्दात आहे. आत्मा अमर आणि देह तुरुंग, हा विचार ग्रीकांकडून, प्लेटोकडून तुमच्या घरात आला. खान्देशात मिशनरी यायच्या कितीतरी शतकं आधी. शेजाऱ्याकडून उसनं आणलं म्हणण्याआधी स्वतःचं कोठार बघा.

आणखी एक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. माझी आई घागरीसमोर बसून आपल्या आईशी बोलायची. ही बोलण्याची जागा तुमच्या नव्या ख्रिस्ती घरांत कुठे आहे? ती नसेल तर बाई 'आज' हा शब्द घट्ट धरणारच.

नवापूरकर

गुरुजी, गीतेबद्दलचं बोलणं मागे घेतो. प्लेटोचं नाव मी घ्यायला हवं होतं. आखाजीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझी आजीही बाप्तिस्मा झाल्यावर पुष्कळ वर्षं त्या दिवशी गप्प बसून असायची.

शेतकरी दादा, बियाणाचं तुमचं म्हणणं शेतात खरं आहे. पण पौल तिथे कोंबाच्या ताकदीबद्दल बोलत नाही. देव आपल्या संकल्पाप्रमाणे त्याला शरीर देतो, असं पुढेच लिहिलं आहे (1 करिंथ 15:38). मेलेल्या माणसात उगवणारं काही शिल्लक नसतं, हे मला मान्य आहे. दुबार पेरणी म्हणा हवं तर, फक्त ती शेतकरी करतो, बी नाही. कणांचा हिशोबही म्हणूनच मी मांडत बसत नाही.

बहीण, तुझ्यासाठी लिहायला दोन दिवस थांबलो. तेच अंग, पण तेच रक्त नाही. विनाशीपणात पेरलं जातं, अविनाशीपणात उठवलं जातं. अशक्तपणात पेरलं जातं, सामर्थ्यात उठवलं जातं (15:42-43). तरी येशूच्या हातांवरचे खिळ्यांचे वण उठल्यावरही होते, शिष्य थोमाने ते पाहिले. वण राहिले, कळ राहिली नाही. तुझ्या भावाला मी हे सांगितलं असतं. तो उठेल तेव्हा तू त्याला ओळखशील, आणि त्याच्या दातात उशी नसेल. आईचा 'आज' मी काढून घेत नाही. चोराला सुखलोकात नेणारा स्वतः तिसऱ्या दिवशी कबरेतून देहासकट बाहेर आला, एवढं पुढचं वाक्य तिला कुणीतरी सांगावं.

धडगावची बहीण

तिसऱ्या दिवसाचं मी आईला सांगणार नाही. अजून नाही. तिला जे धरता येतं ते तिने धरावं.

पण तुमचं वाचल्यापासून एक आठवतंय. त्याला शेवटची अंघोळ मी घातली. गुडघे धुताना मी हात हलका केला, त्याला दुखेल म्हणून. तेव्हा त्याला जाऊन चार तास झाले होते. तो तिथे नाही असं मला एकदाही वाटलं नाही. जुनं कापड असं कुणी धूत नाही, हे मलाही कळतं.

कबरेला दगड बसवायचा आहे, वचन ठरलेलं नाही. पाळक म्हणतात लूक 23:43 घाला. तुमच्या ओळी दगडावर मावतील का ते कारागिराला विचारते. 42 आणि 43 पूर्ण लिहून पाठवा.