१९९० : त्या दिवशी तुमच्या घरात काय चाललं होतं?

घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा केला, तर १९९० चं कालनिर्णय सापडलं. आईच्या अक्षरात दुधाचा हिशेब. २ ऑगस्टच्या चौकोनात ‘अर्धा लिटर कमी’, ३ ऑक्टोबरच्या चौकोनात ‘गॅस लावला’. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, ३ ऑक्टोबरला दोन जर्मनींची एक झाली. आईला विचारलं तर म्हणाली, ‘तो सिलिंडर पस्तीस दिवस गेला होता, तेवढं आठवतंय.’

तर मंडळी, त्या वर्षी जगात एवढी उलथापालथ चाललेली असताना तुम्ही कुठे होता, काय करत होता, ते लिहा. अट एकच. शोधून नाही, आठवून लिहायचं.

*

आम्ही कुवेतमध्येच होतो, साल्मियात. गुरुवार होता. पहाटे धडधड ऐकू आली तेव्हा मला वाटलं, वरच्या मजल्यावर कपाटं सरकवतायत. सातच्या सुमारास ह्यांच्या वर्कशॉपमधल्या मित्राचा फोन आला. ‘वहिनी, आज ह्यांना बाहेर सोडू नका. रस्त्यावर रणगाडे आहेत.’ मुलगी चार वर्षांची, ती खिडकीतून ‘मोठी गाडी, मोठी गाडी’ करत टाळ्या वाजवत होती.

पहिला आठवडा खुबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, रांगेत गेला. बाहेरदेशी फोन बंद. साठवलेल्या दिनारांना किंमत उरली नाही, आणि ऑगस्ट संपता संपता कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचं जाहीर झालं. म्हणजे ज्या देशाचा व्हिसा पासपोर्टवर होता तो देशच कागदावर नाही! आपले परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले, सद्दामला मिठी मारतानाचा फोटो गाजला, त्यावरून इथे बरीच टीका झाली असं नंतर कळलं. टीका करणारे करोत. आम्हाला बाहेर पडायची वाट हवी होती.

निघताना माणशी एक बॅग ठरली. ह्यांनी सर्टिफिकेटं, पासबुकं घेतली. मी पाच लिटरचा कुकर घेतला. त्यावरून आमचं तशा परिस्थितीतही कडाक्याचं भांडण झालं. बसने बसरा, मग बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द. तिथे वाळवंटात तंबू. दिवसा तंबूच्या कापडाला हात लावला तर चटका बसायचा, रात्री मुलीला माझी साडी दुहेरी करून गुंडाळायची. पाण्याचा टँकर आला की माणसं धावत सुटायची. तिसऱ्या दिवशी कोणाकडून तांदूळ, कोणाकडून मसुराची डाळ जमली आणि कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तशी आजूबाजूच्या तंबूंतून माणसं बाहेर आली. मल्याळी, पंजाबी, एक गुजराती आजोबा. एक जॉर्डनी शिपाईही काय झालं म्हणून धावत आला. त्यानंतर कुकर माझा राहिलाच नाही, पाळीपाळीने फिरायचा. ह्यांनी मात्र कुकरबद्दल पुन्हा अक्षर काढलं नाही.

अम्मानला विमानाचा नंबर लागायला अकरा दिवस गेले. लाखाहून जास्त माणसं एअर इंडियाने तशी आणली. मुंबईत सहार विमानतळावर उतरले तेव्हा माझ्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

*

वरच्या ताईंचं वाचून लिहितोय. आमचं गाव दापोली तालुक्यात, अब्बा कुवेतमध्ये ड्रायव्हर. मी आठवीत. महिनाभर काही खबर नाही. सप्टेंबरात एक पाकीट आलं, अक्षर अब्बांचं, तिकीट भारताचं आणि शिक्का मुंबईचा. आईने पाकीट न फोडताच शेजारी सांगून टाकलं की आले, मुंबईत पोचले. आत पत्रावर तारीख १९ ऑगस्ट, कुवेत. निघणाऱ्या कोणा अनोळखी माणसाजवळ त्यांनी ते दिलं होतं, त्याने मुंबईत उतरल्यावर पेटीत टाकलं. आई मग दोन दिवस कोणाशी बोलली नाही. अब्बा सप्टेंबरच्या शेवटी आले. त्या टपाल टाकणाऱ्या माणसाचं नाव अब्बांनाही माहीत नव्हतं.

*

माझी आठवण एवढी मोठी नाही. १५ ऑगस्टचं झेंडावंदन, शाळेचं पटांगण, आणि ‘सावधान’ची ऑर्डर झाल्यावरही मागच्या रांगेत एकच कुजबुज : साहित्य सहवासातल्या पोराने शतक मारलं! आदल्या रात्री इंग्लंडात ओल्ड ट्रॅफर्डवर सचिन तेंडुलकर नाबाद ११९, सतरा वर्षांचं वय, पहिलं कसोटी शतक, कसोटी वाचवली. प्रभाकरही ६७ वर नाबाद होता, पण त्याचं नाव त्या दिवशी कोणी घेतलं नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

*

नागपूर. आमच्या घरी ते वर्ष दोन माणसांचं. फेब्रुवारीत मंडेला सत्तावीस वर्षांनी सुटले. आजीने पेपरातला फोटो, बायकोचा, विनीचा हात धरून मूठ वर केलेला, कापला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या चौकटीत खोचला. एप्रिलमध्ये बाबासाहेबांना भारतरत्न. तेव्हा वडील म्हणाले, ‘उशीर केला यांनी.’ बस, एवढंच. ऑक्टोबरात मंडेला भारतात आले, त्यांनाही भारतरत्न. आजीला वाटलं तिच्या फोटो खोचण्याचाच काही परिणाम आहे.

पण आमच्यासाठी त्या वर्षाची खरी बातमी वेगळी होती. केंद्राच्या नोकरीच्या अर्जात धर्म ‘बौद्ध’ लिहिला की अनुसूचित जातीची सवलत जायची. मोठ्या भावाचे रेल्वेचे दोन अर्ज याच रकान्यावर घरात अडकलेले. वडील दुसरं काही लिहू देत नव्हते. १९९० मध्ये कायदा बदलला. भावाने तिसरा अर्ज भरला तेव्हा वडिलांनी स्वतःचं शाईचं पेन दिलं होतं त्याला.

*

मी ड्रेस्डेनला शिकत होतो, पूर्व जर्मनीत. एकीकरण ३ ऑक्टोबरला झालं, पण आमचं जग १ जुलैलाच बदललं. त्या दिवशी पश्चिमेचा मार्क लागू झाला. आदल्या शनिवारी कॉफहालेत, म्हणजे वाण्याच्या मोठ्या दुकानात, फळ्या रिकाम्या, सोमवारी केळी! पूर्वेची नाणी ॲल्युमिनियमची, आपल्या जुन्या दहा पैशांसारखी हलकी. फक्त २० फेनिगचं पितळी, ते फोनला लागायचं. माझ्याकडे मूठभर उरलीत. पुढच्याच रविवारी पश्चिम जर्मनीने वर्ल्डकप जिंकला आणि आमच्या पूर्वेच्या होस्टेलात पोरं कौलांवर चढली.

प्रवेश एका देशात, पदवी दुसऱ्या देशाची, खोली तीच. परत आल्यावर इथल्या एका कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, ‘मधे बदली करून घेतली का?’

*

वर्ल्डकपचं नाव काढलंत म्हणून. फोंड्याजवळ आमच्या वाड्यावर एकच रंगीत टीव्ही. सलामीला कॅमेरून विरुद्ध अर्जेंटिना. बाहेर पाऊस नुसता ओततोय, कॅमेरूनचा गोल झाला आणि वीज गेली. कॅमेरूनचे दहाच जण उरलेत म्हणजे हरणारच, असं धरून सगळे झोपायला गेले. सकाळी पाववाल्याने सांगितलं, मॅराडोना हरला. कोणाचा विश्वास बसेना.

*

आम्ही पाच जण त्या वर्षी गच्चीवर सहा इंची दुर्बिणीचा आरसा घासत होतो. घासायला कार्बोरंडमची पूड, चकाकीसाठी डांबराची लॅप म्हणजे गादी, ब्लेड लावून तपासणी, सगळं हाताने. कडा खाली गेली म्हणून तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं. जूनमध्ये बातमी आली की अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशाची कडा दोनेक मायक्रॉनने जास्त घासली गेलीय. आम्ही चहा मागवला.

*

(धागाकर्ता) आईला सगळं वाचून दाखवलं. मंडेला, मॅराडोना, काही नाही. तिचा एकच प्रश्न आहे. कुवेतच्या ताई, वाळवंटात कुकरखाली जाळलंत काय?

*

त्यांना सांगा, खोक्यांच्या फळ्या. भुसभुशीत लाकूड, भर्रकन जळायचं. एका शिट्टीवर विझायचं, मग उरलेली डाळ आतल्या वाफेवर.