उन्हाळ्यात पुण्याहून गणपतीपुळे : कोणता घाट घ्यावा, मुक्काम करावा का?

मृगनक्षत्र :
नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही सहा जण पुण्याहून गणपतीपुळ्याला स्वतःच्या सात आसनी गाडीने जाणार आहोत. समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टमध्ये शुक्रवार ते सोमवार असे आरक्षण केले आहे. सासरे ७८ वर्षांचे असून त्यांना दर दीड तासाने उतरावे लागते आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना फार वेळ पाय दुमडून बसणे सोसत नाही. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याची काही तक्रार नसते. खरी चिंता सहा वर्षांच्या मुलीची आहे, कारण तिला गाडी लागते, तीही अशी की लोणावळ्याला पोहोचेपर्यंत दोन पिशव्या संपतात. गाडी मी आणि यजमान आलटून पालटून चालवणार आहोत, पण कोकणातल्या घाटाचा अनुभव आम्हा दोघांनाही नाही.

उंब्रजहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावे की पुढे जाऊन आंबा घाट घ्यावा? एका दिवसात हे अंतर कापणे शहाणपणाचे आहे का? आणि मे महिन्यात मुलांना समुद्रात कितपत जाऊ द्यावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

घाटमाथा :
आपल्यासोबतची मंडळी पाहता मी आंबा घाटच सुचवेन, आणि तोही कोल्हापूरला मुक्काम करून. गुरुवारी दुपारचे जेवण लवकर आटोपून निघालात तर २३० किलोमीटरचा टप्पा रात्रीच्या जेवणापर्यंत सहज होतो. महामार्गावर पेट्रोलपंप आणि उपाहारगृहे थोड्या थोड्या अंतरावर असल्यामुळे आपल्या सासऱ्यांची अडचण होणार नाही. मलकापूर सोडल्यावर मात्र बरी सोय विरळ होत जाते, म्हणून मलकापुरात सर्वांनी उतरूनच पुढे निघावे. वाटेत खंबाटकीचा घाट लागतो आणि सुट्टीच्या दिवसांत तिथे एखादा ट्रक बंद पडला की तास-दीड तास कुठे जातो ते कळत नाही. साताऱ्यापुढे रुंदीकरणामुळे ठिकठिकाणी रस्ता वळवलेला आहे, तेव्हा तिथेही वेग धरून चालू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा आणि मग निवळी फाट्यावरून आत असा रस्ता आहे. आंबा घाट लांबीने फार मोठा नाही, पण उतरताना ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडण्याची चूक नवखे चालक हमखास करतात, मग खाली साखरप्याला पोहोचेपर्यंत चाकांतून जळका वास येऊ लागतो. जो घाट ज्या गिअरमध्ये चढता येईल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे बहुतेक दुसऱ्यात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

मुलीला सर्वांत मागच्या आसनावर मुळीच बसवू नका, कारण हेलकावे तिथेच सर्वाधिक बसतात. मधल्या रांगेत मध्यभागी, समोरच्या काचेतून रस्ता दिसेल अशी तिची जागा असावी. हातात मोबाइल किंवा चित्रांचे पुस्तक देऊ नये. निघताना रिकाम्या पोटी ठेवू नये आणि दूधही पाजू नये. कोरडी पोळी किंवा दोन घास मऊ भात पुरतो. आवळासुपारी आमच्या घरी चालते. औषध द्यायचे असेल तर मात्र वयानुसार मात्रा डॉक्टरांनाच विचारावी.

सदाप्रवासी :
घाटमाथा यांचा सल्ला नेहमीप्रमाणे काटेकोर आहे, पण मी कुंभार्लीच्या बाजूचा. उंब्रजला महामार्ग सोडला की पाटण, कोयनानगर, हेळवाक अशी सावलीची वाट लागते आणि पोफळीला उतरले की चिपळूण हाकेच्या अंतरावर आहे. कोल्हापूरपर्यंत खाली जाऊन पुन्हा पश्चिमेला वळण्यात वेळ घालवायचाच कशाला? चिपळूणनंतर संगमेश्वरपर्यंतचे महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, हे मान्य. त्यावर उपाय असा की चिपळूणहून गुहागरकडे वळावे, तवसाळला जयगडची फेरीबोट घ्यावी आणि गाडीसकट खाडी ओलांडावी. बोटीवर मुले गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहतात आणि वृद्धांचे पाय मोकळे होतात. जयगडहून गणपतीपुळे वीसेक किलोमीटर आहे. फेरीच्या वेळा मात्र आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

मुक्कामाबाबत माझा विरोध नाही, पण पहाटे पाचला पुणे सोडणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

घाटमाथा :
तुम्ही एकटे जाता, सदाप्रवासी! सासूबाईंचे गुडघे आणि गाडी लागणारी मुलगी घेऊन पहाटे पाचला निघून दाखवावे, मग बोलू.

आगरातला :
मी मालगुंडचा, त्यामुळे रस्त्यापेक्षा समुद्राविषयी लिहितो. आपण ज्या शनिवारी इथे असाल, त्या दिवशी संकष्टी आहे. देवळापासून किनाऱ्यापर्यंत माणसांची रीघ लागेल आणि गाडी लावायलाही जागा मिळणार नाही. दर्शन शुक्रवारी संध्याकाळी किंवा रविवारी पहाटे घ्यावे. इथे डोंगरालाच देवाचे रूप मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला घातली जाते आणि ती सुमारे एक किलोमीटरची आहे. फरशी अकरा वाजेपर्यंत इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही, म्हणून प्रदक्षिणा उजाडतानाच घालावी. सासूबाईंनी समोरूनच नमस्कार केला तरी चालेल.

आता भरती-ओहोटी. आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी म्हणजे चार, त्याचे पाऊण तीन. म्हणून संकष्टीला पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास येते आणि तिथून सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी होते. याचा अर्थ असा की दुपारी तीननंतर संपूर्ण संध्याकाळ पाणी ओसरत असते, आणि नेमक्या त्याच वेळी उन्हे उतरल्यामुळे पर्यटक समुद्रात उतरतात. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे. ओसरणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि गुडघाभर पाण्यातला धडधाकट माणूससुद्धा आडवा होतो. मेच्या उत्तरार्धात वारा वाढलेला असतो, त्यामुळे लाटांना जोरही अधिक असतो. मुलांना न्यायचेच असेल तर सकाळी नऊ ते दहा या वेळात, पाणी चढू लागलेले असताना, घोट्यापर्यंत आणि हात धरून न्यावे. संध्याकाळी वाळूत बसावे. ही वेळ ढोबळ आहे आणि रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना विचारणे सर्वांत चांगले.

आणखी दोन गोष्टी. रिसॉर्टच्या आवारात सावली दिसली म्हणून माडाखाली गाडी लावू नका; नारळ पडला की काच किंवा टप यांपैकी एक जातेच. आंब्याची पेटी घेतलीत तर ती डिकीत कोंडू नका. उन्हात उभ्या गाडीत आंबा पिकत नाही, उकडतो. सासऱ्यांना वाचनाची आवड असल्यास मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे, गर्दी नसते आणि बसायला जागा आहे.

मृगनक्षत्र :
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही कोल्हापूरला मुक्काम करून आंबा घाटानेच जाण्याचे ठरवले आहे. आगरातला यांना एक शंका विचारते : रविवारी पंचमी, म्हणजे भरती पावणेचारला आणि ओहोटी पावणेदहाच्या सुमारास, असेच ना?

आगरातला :
अगदी बरोबर. आपण आमच्यातल्याच झालात.

मृगनक्षत्र (परत आल्यावर) :
सुखरूप परतलो. घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे मुलीला मध्ये बसवले, घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि साखरप्याला थांबून कोकम सरबत प्यायलो, तोवर तिला काहीही झाले नव्हते. आम्ही निश्चिंत झालो आणि निवळी फाट्यावर आत वळलो. घाट संपला म्हणून तिने दादाकडून मोबाइल मागून घेतला आणि आम्हीही तो दिला. जाकादेवी आणि चाफे यांच्यामधल्या वळणांवर तिने तो मोबाइल, दादाचे शर्ट आणि सासऱ्यांच्या मांडीवरचे वर्तमानपत्र असे तिन्ही एकदम कामी आणले. घाटापेक्षा शेवटचे तीसेक किलोमीटर अधिक वळणांचे आहेत, हे कोणीतरी आधी लिहायला हवे होते, म्हणून पुढच्यांसाठी मी लिहून ठेवते.

रिसॉर्टची खोली छायाचित्रात दिसली होती त्यापेक्षा बरीच लहान निघाली आणि समुद्र फक्त न्हाणीघराच्या खिडकीतून दिसत होता. शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो असताना शेजारच्या एका कुटुंबाला मुलाने भरतीचा पाऊणपटीचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी आपल्या मुलांना पाण्यातून बाहेर बोलावले, पण ते हिशेब पटला म्हणून की भेळवाला आला म्हणून, हे मला सांगता येणार नाही. सासरे मालगुंडला दीड तास रमले आणि त्या दीड तासात एकदाही उठले नाहीत.

आंब्याच्या दोन पेट्या पायाशी ठेवून आणल्या, त्यामुळे सासूबाईंना पाय लांब करायला जागा उरली नाही. सदाप्रवासी, पुढच्या वेळी तुमची फेरीबोट. जयगडला गाडीसकट बोटीत चढताना पुढचा भाग घासतो का, हे मात्र आधी सांगा.

सदाप्रवासी :
ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, तेव्हा घासू शकतो. लोकांना आधी उतरवून गाडी हळू चढवावी. वेळ कोणती निवडायची, हे आता तुम्हीच काढू शकाल.