गिरणीतल्या आजोबांच्या घराण्याची माहिती कुठून काढायची?

मालवणी_नातू: आमचे आजोबा लालबागला कापडगिरणीत साचेखात्यात (कापड विणायच्या मागांवर) होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, मग गावी येऊन भातशेती. ते असताना मी काही विचारलंच नाही, आता ट्रंकेत फक्त बदली कामगाराचा पास नि पगाराच्या दोन चिठ्ठ्या, त्यापण वाळवीने खाल्लेल्या. पणजोबांचं नावसुद्धा नक्की कुणाला ठाऊक नाही, काका एक सांगतात आत्या दुसरं. सुरुवात कुठून करू?

घाटावरची: आधी आत्याला गाठ, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेव आणि मधेमधे बोलू नकोस. म्हाताऱ्या माणसांना तारखा विचारून काही होत नाही, "संपात घरी चूल कशावर चालायची" असं विचार, मग बघ. आमच्या आजीने खानावळीचा हिशोबच सांगितला, एका खोलीत वीसेक माणसं, गिरणीतली पाळी बदलली की वळकटी बदलायची.

मोडीवेडा: तहसीलला गाव नमुना १४ माग, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात, आणि जमिनीचे जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढ, वारस लागलेत तिथे नावं सापडतातच. शाळेचं जनरल रजिस्टरही बघ. घरातलं कुणी त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वह्यांत) पिढ्या मिळू शकतात, जुनं मोडी लिपीत असतं. फोटो टाक, वाचून देतो.

मालवणी_नातू: आत्याला आत्ताच फोन केला, पाऊण तास! आजोबा भजनात पखवाज वाजवायचे म्हणे, हे आमच्या बाबांनापण माहीत नव्हतं. नमुना १४ चं सोमवारी बघतो.