आयडलवर इंजिन अख्खी होडी हलवतंय, माउंटिंग बदलायची का?

प्रश्न

३२ फुटी शिडाची होडी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, २५ मिमी शाफ्ट, तीन पात्यांचा पंखा. मीटरवर आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) मिनिटाला ८०० फेरे दिसतं, पण थरथर एवढी की कपाटातले कप वाजतात आणि शिडाच्या तारा गुणगुणतात. ११०० च्या वर गेलं की सगळं शांत. न्यूट्रलमध्ये आणि गिअरमध्ये फारसा फरक नाही. सुरू करताना पांढरट धूर येतो, नंतर विरळ होतो. माउंटिंगची (इंजिन ज्यावर बसतं त्या आधारांची) चारही रबरं मूळचीच आहेत, मागचं डावं तेलाने माखलंय. चारही बदलून टाकू का?

शाफ्टलाइन

एवढ्यात खर्च करू नका. न्यूट्रलमध्येही तेवढंच हलतंय म्हणजे पंखा, शाफ्ट आणि कटलेस बेअरिंग (शाफ्टला पाण्यात आधार देणारं बेअरिंग) सध्या बाजूला ठेवा. न्यूट्रलमध्ये ते फिरतच नाहीत. दोष इंजिनात, माउंटिंगमध्ये किंवा आयडलच्या सेटिंगमध्ये.

आधी खरा आरपीएम (मिनिटाला फेरे) मोजा. क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने. बऱ्याच होड्यांवरचं मीटर अल्टरनेटरकडून सिग्नल घेतं, पुलीचं माप सेट केलेलं नसेल तर ते सरळ खोटं बोलतं. मीटर ८०० म्हणतंय आणि प्रत्यक्षात ६५० असेल तर दोन सिलिंडरचं इंजिन थरथरणारच. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डुलण्याची गती आयडलच्या थोडी खाली असते. म्हणूनच बंद करताना शेवटच्या क्षणी ते जोरात हिसके देतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत आयडल ५० ने वाढवून बघा. तेवढ्यावर भागलं तर उत्तमच.

नोझलपाना

पांढरा धूर वाचून माझा संशय मिसिंगवर (एखाद्या सिलिंडरात डिझेल न पेटण्यावर) आहे. न जळलेलं डिझेल पांढरं दिसतं. एक सिलिंडर मेला असेल तर ८०० वर मिनिटाला ८०० ऐवजी ४००च ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. एक्झॉस्टच्या तोंडाशी कान द्या: नीट चालणारं इंजिन सलग फुरफुरतं, मिसिंग मारणारं ‘फट... फट...’ करतं. वेग वाढवला की ठोके जवळ येतात आणि दोष लपतो.

खात्री अशी करा. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. पहिल्या नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) हाय प्रेशर पाइपचा नट पाऊण फेरा सैल करा, आवाज ऐका, घट्ट करा. मग दुसऱ्याचा. चालू सिलिंडरचा नट सुटला की इंजिन गुदमरतं, कदाचित बंदच पडतं. मेलेल्याचा सोडला तर त्याला पत्ताही लागत नाही. फक्त मीटरवर विसंबू नका, गव्हर्नर (वेग कायम राखणारा भाग) लगेच डिझेल वाढवून घसरण झाकतो. आवाजावर लक्ष ठेवा.

नटावर चिंधी टाका, हातमोजे आणि चष्मा घाला. त्या दाबाची धार कातडीत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठायचा.

शाफ्टलाइन

वरच्याशी सहमत. तोवर माउंटिंग हाताने तपासा: इंजिन बंद, आणि लाकडी दांड्याने प्रत्येक कोपरा उचलून बघा. रबर धातूपासून सुटलं असेल तर फट उघडते. तेल-डिझेल पिऊन फुगलेलं रबर नखाने दाबलं तरी खड्डा पडतो. एक गेलं असेल तर चारही बदला. नवं कडक आणि तीन जुनी मऊ असली की इंजिन तिरकं बसतं. आणि गळतं तेल आधी बंद करा, नाहीतर नवीनही तीच गत.

प्रश्नकर्ता

खरा आयडल ७९०. पहिल्याचा नट सैल करताच इंजिन बंद. दुसऱ्याचा सोडला, डिझेल उडत होतं, पण आवाजात काहीच बदल नाही. माउंटिंग दांड्याने उचलली, मागच्या डाव्याचं रबर अर्धं सुटलंय.

नोझलपाना

दुसरा सिलिंडर सापडला. डिझेल पोचतंय, म्हणजे एअर (पाइपात अडकलेली हवा) हे पहिलं कारण नव्हे. तरी नटाशी बुडबुडे दिसले तर आधी एअर काढा. नसतील तर दोन्ही नोझल काढून अदलाबदल करा. मिसिंग पहिल्या सिलिंडरवर गेलं तर नोझल खराब, टेस्ट बेंचवर दाब आणि फवारा तपासून घ्या. दुसऱ्यावरच राहिलं तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा दाब), सगळ्यात शेवटी डिझेलचा पंप तपासा.

नोझलखालचा तांब्याचा वॉशर नवा घ्या, पण जुना आत चिकटून राहिला नाही ना हे टॉर्चने बघा. एकावर एक दोन वॉशर बसले की नोझल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

नोझल बसवल्यावर इंजिन लगेच सुरू होणार नाही, बराच वेळ स्टार्टर मारावा लागेल. तेवढा वेळ इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर मफलर भरून पाणी उलटं सिलिंडरात शिरतं. इंजिन पेटताच कॉक उघडायचा. किल्ली कॉकच्या दांड्याला टांगून ठेवली तर विसरायला होत नाही.

शाफ्टलाइन

माउंटिंग मात्र मिसिंग गेल्यानंतरच बदला. बदलल्यावर रबराला दोन-तीन दिवस इंजिनाच्या वजनाखाली बसू द्या, मग अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं), तीही होडी पाण्यात असताना. जमिनीवर टेकूंवर ठेवलेल्या होडीचा आकार वेगळा असतो. कपलिंगचे (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांचे) बोल्ट काढून तोंडाला तोंड लावा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. १०० मिमी कपलिंगला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग फक्त शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट जागेवरच राहिली तर इंजिन सरकवा. शाफ्टबरोबर फिरली तर कपलिंग किंवा शाफ्टच वाकडा आहे आणि माउंटिंगचे नट कितीही फिरवून उपयोग नाही.